संवादकौशल्याचा तास संगणकाच्या प्रयोगशाळेत घ्या

मा. संपादक,

'कॅम्पस'ला कंपन्या यायचे दिवस जवळ आले की गोव्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक ठरलेला सोहळा होतो. बाहेरून प्रशिक्षक येतात, दोन दिवसांची कार्यशाळा होते. हस्तांदोलन कसे करावे, टाय कसा बांधावा, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर कुठून सुरुवात करावी, एवढे उरकले की संवादकौशल्य शिकवून झाल्याची नोंद होते. पहिल्या वर्षी इंग्रजीचा एक पेपर झालेला असतोच. त्यात व्यावसायिक पत्राचा मायना पाठ करून मुले सुटतात. तरी पुढे कानावर येणारी तक्रार तीच राहते: पोरांना प्रोग्रॅम लिहिता येतो, पण काय केले ते सांगता येत नाही.

तक्रार खरी आहे. उपाय मात्र भलत्याच वर्गात शोधला जातो, असे आमचे मत आहे. आमच्यापैकी काही जण संगणकशास्त्र शिकवतात, काही सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. हा विषय डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि प्रकल्प यांच्या प्रॅक्टिकलमध्ये, संगणकाच्याच शिक्षकांनी शिकवावा आणि त्याचे गुण त्याच विषयाच्या गुणांतून द्यावेत, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सॉफ्टवेअरवाला दिवसभरात काय लिहितो-बोलतो ते आधी पाहू. सापडलेल्या दोषाची नोंद, दुरुस्तीनंतर गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) दोन-चार ओळींचा संदेश, सहकाऱ्याच्या कोडवर शेरा, ग्राहकाच्या ईमेलला उत्तर, सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत दोन-तीन वाक्ये, अधूनमधून एखाद्या रचनेचे टिपण. यात निबंध नाही आणि भाषण क्वचितच आहे. दोषाची नोंद पूर्ण आहे की अपुरी हे इंग्रजीच्या शिक्षकांना ठरवता येणार नाही, कारण व्याकरण निर्दोष असूनही ती नोंद निरुपयोगी असू शकते. त्यात त्यांचा काही दोष नाही. ते काम त्यांच्यावर ढकलणाऱ्या आपला आहे.

कागदोपत्री सगळे आहे म्हणा. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या पदवी-निष्पत्तींत, म्हणजे पदवीधराला काय काय यायला हवे त्या यादीत, 'संवाद' आहे. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणक क्षेत्रातल्या संघटनांच्या 2013 च्या मार्गदर्शक अभ्यासक्रमातही व्यावसायिक संवाद हा वेगळा घटक आहे. आपल्याकडे निष्पत्तींच्या तक्त्यातला तो रकाना भरण्यासाठी एखादा सेमिनार दाखवला जातो आणि फाइल पुढे सरकते.

सुरुवात दोषाच्या नोंदीपासून करावी, कारण तिथे चांगले-वाईट ताबडतोब कळते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येणारा नेहमीचा संदेश असा असतो: 'सर, प्रोग्रॅम चालत नाही.' सोबत मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरपा फोटो, आणि त्यात एररची शेवटची ओळच कापलेली. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये (एरर आल्यावर छापल्या जाणाऱ्या ओळींत) नेमकी तीच ओळ कामाची असते. जावात एक्सेप्शनचे, म्हणजे एररचे, नाव वर असते आणि मूळ कारण बरेचदा खाली 'कॉज्ड बाय'पाशी दडलेले असते. म्हणजे काय पाठवायचे हे कळायलासुद्धा विषय यावा लागतो.

चांगल्या नोंदीत एका ओळीचा मथळा हवा. विंडोज की उबुंटू, पायथन 3.8 की 3.12, हे हवे. प्रोग्रॅम सुरू केल्यापासूनच्या पायऱ्या क्रमाने हव्यात आणि जी माहिती भरली ती जशीच्या तशी हवी. काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्ष काय झाले, ही दोन वाक्ये वेगवेगळी हवीत. एररचा मजकूर फोटोऐवजी अक्षरांत चिकटवलेला हवा, म्हणजे वाचणाऱ्याला तो शोधता येतो. दरवेळी होते की कधीतरी, आणि आपण काय करून पाहिले, हेही हवे. हे फळ्यावर लिहून दिले तर मुले वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'चालत नाही' असेच लिहितात. त्यामुळे हे करवूनच घ्यावे लागते.

दोन तासांचे एक प्रॅक्टिकल त्याला पुरते. वीस जणांच्या बॅचमध्ये दहा जणांना एक सदोष प्रोग्रॅम द्यावा, उरलेल्या दहांना दुसरा. दोष असे निवडावेत की ते ठरावीक माहिती भरल्यावरच दिसतील. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दरवेळी अर्धी करत शोधताना, 'लो'ला (खालच्या हद्दीला) 'मिड (मधली जागा) अधिक एक' देण्याऐवजी नुसता 'मिड' दिला की यादीतल्या सगळ्यांपेक्षा मोठी संख्या शोधताना प्रोग्रॅम थांबतच नाही. सरासरी काढणारा प्रोग्रॅम रिकाम्या यादीवर कोसळतो. फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ राहिली की ती आकड्यात बदलताना एरर येते. नोंद लिहायला पंचवीस मिनिटे द्यावीत. मग कागद बदलावेत. समोरच्याने एक अक्षर न बोलता, फक्त नोंद वाचून, दहा मिनिटांत तो दोष स्वतःच्या मशीनवर उभा करायचा. झाला तर लिहिणाऱ्याला गुण, नाही झाला तर नोंद सुधारायला पंधरा मिनिटे.

पहिल्या फेरीत बहुतेकांचा दोष उभा राहत नाही, आणि कारणे ठरलेली असतात. भरलेली माहिती लिहिलेली नसते. 'कधीकधी होते' एवढेच लिहून सोडलेले असते. सर्वांत जास्त वेळा होते ते असे की निरीक्षणाच्या जागी अंदाज येतो, 'लूपमध्ये चूक आहे' वगैरे. अंदाज लिहायला हरकत नाही, पण वेगळ्या ओळीत आणि 'अंदाज' म्हणून. ही एक सवय लागली तरी तो तास वसूल झाला.

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्यालाही ठाऊक आहे असे का वाटते, यावर 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. चवथीला घरोघर म्हटल्या जाणाऱ्या आरतीचा ठेका द्या आणि किती जण ओळखतात ते पाहा.

त्याला जोडून दुसरा. दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाच्या हातात सात नोडच्या बायनरी सर्च ट्रीचे (प्रत्येक संख्येच्या डावीकडे लहान, उजवीकडे मोठ्या संख्या असलेल्या झाडाचे) चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्या फेरीत चार मिनिटे, प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत विचारायचे. बहुतेक जण 'वर एक गोल, त्याच्या डावीकडे खाली एक गोल' असे सुरू करतात आणि तिसऱ्या पातळीवर गोंधळ होतो. एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, '50, 30, 70, 20, 40, 60, 80 या क्रमाने घालत जा', आणि झाड अर्ध्या मिनिटात तयार होते. इथे शिक्षकाने थांबून विचारावे: हेच वाक्य पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगितले असते तर? ऐकणाऱ्याला काय येते हे न पाहता कोणते वर्णन चांगले ते ठरवता येत नाही. त्यावर तासभर व्याख्यान देण्याची मग गरज उरत नाही.

गिट 2005 साली आले, आणि आता बहुतेक ठिकाणी प्रकल्प गिटवरच करून घेतात. पण कमिटचे (प्रत्येक बदल जमा करतानाचे) संदेश वाचून पाहा: 'फायनल', 'फायनल 2', 'चेंजेस', 'आता नक्की चालते'. रूढ संकेत साधा आहे. पहिली ओळ साधारण 50 अक्षरांची, मग एक रिकामी ओळ, मग 72 अक्षरांच्या आतल्या ओळींत मजकूर. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. टर्मिनलची जुनी रुंदी 80 अक्षरे. लॉग दाखवताना गिट डावीकडे चार जागा सोडते, तेवढ्याच उजवीकडे धरल्या की 72 उरतात. थोडक्यात यादी मागितली तर फक्त पहिली ओळ दिसते, म्हणून ती आखूड हवी. काय बदलले ते कोडमधल्या फरकातून दिसतेच, का बदलले ते संदेशातच लिहावे लागते. परीक्षा घ्यायची तर सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाला विचारावे: लॉगिनचा नियम केव्हा आणि कशासाठी बदलला ते कोड न उघडता फक्त लॉग वाचून सांगा.

प्रोग्रॅमसोबत द्यायच्या 'रीड मी' फाइलचेही तसेच. खालच्या वर्गातल्या एकाला स्वच्छ मशीनवर बसवावे. लिहिणाऱ्यांनी मागे उभे राहून तोंड बंद ठेवायचे आणि तो कुठे अडतो ते टिपायचे. अडण्याच्या जागा दरवर्षी त्याच: डेटाबेसचे टेबल बनवणारी फाइल दिलेलीच नाही, लायब्ररीच्या आवृत्त्या लिहिलेल्या नाहीत, पासवर्ड कोडमध्ये पुरलेला आहे, आणि फाइलचा पत्ता लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा आहे. मागे उभे राहून गप्प बसणे मुलांना भारी कठीण जाते. शिक्षकांनाही.

चौघांच्या गटात प्रकल्प असतो तेव्हा प्रत्येकाचा भाग वेगळा चालतो आणि शेवटच्या आठवड्यात एकत्र जोडला की बंद पडतो. त्याचे कारण बहुधा न लिहिलेला करार असते. रक्कम रुपयांत की पैशांत? तारीख मजकूर म्हणून की तारीख म्हणून? नोंद सापडली नाही तर शून्य यायचे, रिकामे यायचे की एरर? दोन भागांच्या मध्ये जे जे जाते त्या प्रत्येकाचे नाव, प्रकार, एकक, मर्यादा आणि बिघडल्यास काय, एवढे एका पानावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळापाशी नष्ट झाले ते याच जातीच्या चुकीने. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचा आकडा पाउंड-सेकंदांत दिला, दुसऱ्या बाजूने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. फरक सुमारे 4.45 पटींचा. एकक कोणते असावे हे तिथे कागदावर लिहिलेले होते, ते पाळले गेले नाही. चौकशी मंडळाने गटागटांतला संवाद फार अनौपचारिक राहिला याकडेही बोट दाखवले. म्हणून सह्या झाल्यावर तो कागद पाळला जातो का, हे दर आठवड्याला पाहणे आले. त्या पाहणीचे टिपण अर्ध्या पानाचे असावे: काय ठरले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. 'चर्चा झाली' हे वाक्य त्यात बाद.

आता ऐकण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण ते कुठेच शिकवले जात नाही. प्रकल्पासाठी मुले 'हॉटेल मॅनेजमेंट सिस्टम'सारखे विषय घेतात आणि ग्राहकही स्वतःच होतात. गोव्यात खऱ्या ग्राहकांची वाण नाही. गावची पंचायत आहे, विविध कार्यकारी सोसायटी आहे, वाचनालय आहे, देवस्थान आहे. देवस्थानाचेच उदाहरण घेऊ. अग्रशाळेतल्या (देवळाच्या यात्रेकरू-निवासातल्या) खोल्यांची नोंदणी करणारा प्रोग्रॅम हवा, असे समितीच्या मुखत्यारांनी (अधिकृत प्रतिनिधींनी) सांगितले. मुले जातात आणि विचारतात, 'ऑनलाइन बुकिंग पाहिजे का?' ते 'हो' म्हणतात. कोण नाही म्हणेल? महिनाभराने ॲप तयार होते आणि वापरले जात नाही, कारण जत्रेच्या दिवसांत काही खोल्या महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) आणि कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत आहे ती कुटुंबे) यांच्यासाठी राखून ठेवतात, त्या कुणाला द्यायच्या हे ऐनवेळी ठरते, आणि हे कुणी विचारलेलेच नव्हते.

म्हणून भेटीचे काही नियम घालून द्यावेत. पहिली पंधरा मिनिटे ॲप, स्क्रीन, डेटाबेस यांतला एकही शब्द उच्चारायचा नाही. 'पाहिजे का' असे विचारायचे नाही. 'शेवटची खोली दिली तेव्हा काय काय केले ते पहिल्यापासून सांगा' असे विचारायचे. वही किंवा पावती पुस्तक दाखवायला सांगायचे. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणांत खरे नियम असतात. मुखत्यारांशी बोलून झाले की पावती फाडणाऱ्या कारकुनाशी वेगळे बोलायचे, कारण वापरणार तो. दोघांपैकी एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. एकट्याला दोन्ही जमत नाही. निघण्यापूर्वी ऐकलेले सगळे त्यांना कोकणीतून परत सांगायचे. 'तशें न्हय' हे त्या वेळी ऐकणे एका महिन्याने ऐकण्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

मागण्या लिहिताना सक्तीची, बहुतेक वेळा पाळायची आणि ऐच्छिक अशा तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी 1997 मध्ये आरएफसी 2119 या छोट्या दस्तऐवजात 'मस्ट', 'शूड' आणि 'मे' यांचे अर्थ याचसाठी बांधून दिले. 'शूड' म्हणजे मर्जी नव्हे: सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केलेला असेल तरच ते टाळता येते. जत्रेत खोल्या राखणे पहिल्या पायरीवर, मोबाइलवर संदेश जाणे तिसऱ्या. मुले नेमके उलटे धरतात, कारण संदेश पाठवणे करायला मजेचे असते.

तोंडी सादरीकरणाची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. 'इंट्रोडक्शन, हिस्टरी, टाइप्स, ॲडव्हान्टेजेस, डिसॲडव्हान्टेजेस, थँक यू.' स्लाइडवर परिच्छेद, आणि विद्यार्थी वर्गाकडे पाठ करून तो वाचतो. ही शीर्षके सरळ बंद करावीत. विषय प्रश्नाच्या रूपातच द्यावा. 'हॅशिंग' असा नको. 'जावाचा हॅशमॅप 75 टक्के भरला की जागा दुप्पट का करतो?' असा. सात मिनिटे बोलणे, तीन मिनिटे प्रश्न. पहिल्या मिनिटात प्रश्न आणि उत्तर दोन्ही सांगून टाकायचे, मग एकच उदाहरण शेवटपर्यंत न्यायचे. पहिल्या सत्रात स्लाइड नाहीतच, खडू आणि फळा. फळ्यावर काढत बोलताना वेग आपोआप ऐकणाऱ्याच्या हाताशी येतो.

स्लाइडचा धोका किती हे नासाच्या कोलंबिया यानाच्या चौकशीत दिसले. 1 फेब्रुवारी 2003 ला ते यान परतताना कोसळले. त्यापूर्वी, यान अवकाशात असतानाच, पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल अभियंत्यांनी व्यवस्थापकांना स्लाइड दाखवल्या होत्या. एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. फोम 1920 घनइंच आणि चाचणीतला तुकडा 3 घनइंच, म्हणजे 640 पटींचा फरक, हे त्याच स्लाइडच्या अगदी तळाच्या ओळीत होते. चौकशी मंडळाने ती स्लाइड अहवालात छापली आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या प्रथेवर टीका केली. विद्यार्थ्यांना ती स्लाइड दाखवून विचारावे: मथळा तुम्ही काय दिला असता?

बारीकसारीक गोष्टी लवकर सांगतो. एका स्लाइडवर कोडच्या आठ-दहा ओळींपेक्षा जास्त नकोत. टर्मिनलचा टंक किमान 20 पॉइंट. काळ्या पडद्यावर राखाडी अक्षरे लॅपटॉपवर छान दिसतात, पण दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेल्या आपल्या वर्गांत प्रोजेक्टरवर काही दिसत नाही. पांढरी पार्श्वभूमी घ्यावी. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकके लिहावीत. प्रात्यक्षिक चालू असताना पावसात वीज किंवा इंटरनेट जाणारच असे धरून चित्रण आणि छापील निकाल जवळ ठेवावा. प्रश्न आला की आधी तो मोठ्याने पुन्हा म्हणावा. 'माहीत नाही, पण असे शोधेन' या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, नाहीतर मुले थापा मारायला शिकतात.

भाषेचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. आपली बरीच मुले घरी कोकणी बोलतात, सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. सत्तरी, पेडणे, काणकोणमधून आलेला मुलगा तोंडी परीक्षेत गप्प बसला तर त्याला विषय येत नाही की वाक्य जुळत नाही, हे परीक्षकाला कळत नाही. म्हणून संकल्पनेचे गुण आणि इंग्रजीचे गुण वेगळे करावेत. आधी जोडीत, हव्या त्या भाषेत समजावून सांगू द्यावे. मग तेच इंग्रजीत लिहायला लावावे. इंग्रजी नको असे आम्ही म्हणत नाही. नोकरीत ते लागतेच. पण लाजणाऱ्या मुलीला एकदम साठ जणांसमोर उभे करून तिची भीड जात नाही, वाढते. आधी दोघांत, मग पाचांत, मग बॅचसमोर, हा क्रम ठेवावा. उलट, फाडफाड इंग्रजी बोलून दहा मिनिटे काहीच न सांगणारेही प्रत्येक वर्गात असतात, आणि आपण त्यांना भरघोस गुण देतो. हे आम्हाला जास्त घातक वाटते.

लेखन तपासताना प्रत्येक व्याकरणाच्या चुकीवर लाल रेघ मारू नये. ज्या चुकीने वाचणारा चुकीचे काम करील तेवढ्याच धराव्यात. 'इट इज गिव्हिंग एरर' मधले 'इट' म्हणजे सर्व्हर, पान की प्रोग्रॅम? 'फिक्स्ड' आणि 'विल फिक्स' यांत घोटाळा झाला तर समोरचा ग्राहक काम झाले असे समजून पुढे जातो. 03/04 ही तारीख आपल्याला 3 एप्रिल आणि अमेरिकेत 4 मार्च, म्हणून महिना अक्षरांत लिहावा किंवा वर्ष-महिना-दिवस असा क्रम घ्यावा. 'उद्या सकाळी' कुणाची सकाळ? भारतीय वेळ (आयएसटी) यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, हे लक्षात ठेवून वेळेसोबत आयएसटी लिहावे.

'एवढे करायला वेळ कुठे आहे?' हा शिक्षकांचा रास्त प्रश्न. हिशेब करून पाहू. साठ विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे सलग दहा तास. ते एका आठवड्यात होणार नाहीत. पण वीसच्या बॅचमध्ये प्रत्येक प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला दोघे बोलले की दहा आठवड्यांत सगळे होतात आणि दर वेळी वीसच मिनिटे जातात. लेखी कामाला एका पानाची मर्यादा घातली तर एक पान चार मिनिटांत वाचून होते. साठ पाने चार तासांत. सत्रात अशी तीन कामे पुरेत. पहिल्या मसुद्याला गुण नाहीत, फक्त दोन सूचना, गुण दुसऱ्याला. दोनपेक्षा जास्त सूचना दिल्या की मुले एकही पाळत नाहीत. आणि अंतर्गत गुणांचा निदान तिसरा हिस्सा यासाठी हवा. दोन गुणांसाठी कुणी दुसरा मसुदा लिहीत नाही, लिहू नये.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालाला कात्री लावावी. आज त्यात एचटीएमएल म्हणजे काय, जावाचा इतिहास, यांवरच पानेच्या पाने जातात. पंधरा पाने पुरेत: प्रश्न काय होता, कोणते पर्याय सोडले आणि का, चाचण्या कोणत्या केल्या, कोणते दोष शिल्लक आहेत, आणि दुसऱ्याने हे कसे चालवायचे. शिल्लक दोषांचे प्रकरण रिकामे आले तर अहवाल परत करावा.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हे सारे निरर्थक झाले, असे काही सहकारी म्हणतात. गुळगुळीत अहवाल आता कुणालाही मिळतो, हे खरे. पण वर सांगितलेल्या परीक्षा पाहा. नोंद वाचून समोरच्याला दोष उभा करता आला का, स्वच्छ मशीनवर प्रोग्रॅम चालला का, कारकुनाने 'होय, असेच' म्हटले का, हे यंत्राने लिहिले तरी तपासता येते, आणि तिथे पोकळ मजकूर उघडा पडतो. जोडीला पाच मिनिटांची तोंडी तपासणी ठेवावी. अहवालातल्या कोणत्याही वाक्यावर बोट ठेवून 'हे कोडमध्ये कुठे आहे ते दाखव' एवढेच म्हणावे.

गोवा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला आणि प्राचार्यांना आमची विनंती मोठी नाही. अभ्यासक्रम बदलाची वाट न पाहता पुढच्या सत्रात तिसऱ्या सेमिस्टरच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलमध्ये दोषाची नोंद आणि पाठीला पाठ लावून सांगण्याचा प्रयोग, एवढे दोनच घालून पाहावेत. बाहेरच्या प्रशिक्षकांच्या कार्यशाळेवर होणारा खर्च वरच्या वर्गातल्या चार-पाच विद्यार्थ्यांना मसुदे वाचण्याचे मानधन म्हणून द्यावा. त्यांचे स्वतःचे लिहिणेही त्यातून सुधारेल. ज्यांना हवे असतील त्यांना सदोष प्रोग्रॅम आणि गुणदानाचे तक्ते द्यायला आम्ही तयार आहोत. ते मिळवण्यासाठी आपल्या कार्यालयामार्फत निरोप ठेवावा.

आपले,
संगणकशास्त्राचे काही अध्यापक व सॉफ्टवेअर अभियंते, फोंडा
(नावे संपादकांकडे दिली आहेत.)